डोरेमॉनमध्ये राजकारण आहे का? आधी 'अहो' आणि 'अगं' ऐका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात आणि टीव्हीवर डोरेमॉन, म्हणजे भविष्यातून आलेल्या रोबो-मांजराचं ते जपानी कार्टून. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं की हल्ली कार्टूनमधून मुलांच्या डोक्यात राजकारण भरवतात. त्यावर तुमच्या जाऊबाईंचं म्हणणं असं की बाकीच्यांचं माहीत नाही, पण डोरेमॉन जुनं आणि साधं आहे, त्यात तसलं काही नाही. दोघांपैकी कोण बरोबर, हे तुम्हाला हवंय. आणि शेवटी तुम्ही सहज एक ओळ टाकलीत: "मुलं आता आपसात हिंदीतच भांडतात, ते वेगळंच."

ते वेगळं नाही. तिथे मी शेवटी येणारच आहे.

मी बावीस वर्षं मुंबईत डबिंगचे संवाद लिहिते. मुलांची कार्टून हेच मुख्य काम, हिंदीत जास्त, मराठीत मिळेल तेव्हा. डोरेमॉनवर मी कधी काम केलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या आतल्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. पण जपानी मालिका डब करायला बसलेल्या प्रत्येकाने डोरेमॉन बारकाईने पाहिलेलं असतं, आणि मी तर मूळ जपानी आवाजातले भागही पुष्कळ पाहिलेत. त्या भरवशावर सांगते.

पक्षाचं राजकारण म्हणाल तर नाही. खरा पुढारी, खरा पक्ष यांची बाजू घेणारी किंवा खिल्ली उडवणारी गोष्ट मला त्यात आढळलेली नाही. पण 'संदेश नाही' हे जाऊबाईंचं म्हणणं मला मान्य नाही. डोरेमॉनला मत आहे, आणि ते चांगलं ठाम आहे.

ते आलं कुठून, हे कळायला लेखकाकडे पाहावं लागतं. फुजिको एफ. फुजिओ हे टोपणनाव. माणसाचं नाव हिरोशी फुजिमोतो, जन्म १९३३ चा, जपानमधल्या ताकाओका गावचा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, म्हणजे डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो त्या नोबिताच्याच वयाचा. त्या पिढीच्या जपानी मुलांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. कालपर्यंत शाळेत जे गुरुजी 'आपण जिंकणार' म्हणून शिकवत होते, त्याच गुरुजींनी पुढे पाठ्यपुस्तकातल्या ओळींवर शाई फिरवायला लावली. असं बालपण गेलेला माणूस मुलांसाठी लिहायला बसला की मोठ्यांच्या हुकमांवर त्याचा आंधळा विश्वास उरत नाही. १९६९ च्या डिसेंबरात डोरेमॉन छापायला लागलं ते शोगाकुकान प्रकाशनाच्या इयत्तावार मासिकांत. पहिलीचं मासिक वेगळं, दुसरीचं वेगळं, चौथीचं वेगळं, आणि प्रत्येक मासिकात गोष्ट त्या वयाला झेपेल अशी निराळी. आपण कुणाशी बोलतोय हे या माणसाला नेमकं ठाऊक होतं. मुलांना कळणार नाही म्हणून काहीतरी लपूनछपून पेरणारा हा लेखक नव्हता. जे सांगायचं ते तो तिसरीतल्या मुलाला समजेल इतकं उघड सांगायचा.

पहिलीच गोष्ट आठवा. डोरेमॉन येतो कशाला? नोबिता मोठेपणी धंदा काढतो, तो बुडतो, आणि कर्ज इतकं होतं की पुढच्या पिढ्या ते फेडत बसतात. पणतवंडांच्याही पुढचा वंशज सेवाशी, त्याला नव्या वर्षाला खाऊचे पैसे मिळतात ते फक्त ५० येन. म्हणून तो भविष्यातून डोरेमॉनला पाठवतो, खिशातून हवं ते यंत्र काढून देणारा रोबो: खापरपणजोबा सुधारला तर आमचं बरं होईल. एका पिढीने केलेलं दुसरीने निस्तरायचं, या पायावर मालिका उभी आहे. बापाच्या नावावरचा सातबारा मुलाच्या हातात बोजासकट येतो हे आपल्याकडच्या शेतकरी घरातल्या मुलाला कुणी समजावून द्यावं लागत नाही.

आता एक गोष्ट जवळून दाखवते, कारण तुमचा सगळा प्रश्न तिच्यात आहे. सत्तरच्या दशकातली आहे, हत्तीची.

नोबिताचा काका भारतातून परत आलाय. तो लहानपणची आठवण सांगतो. प्राणिसंग्रहालयात त्याचा लाडका हत्ती होता, हानाओ. युद्धात मुलांना खेड्यांत पाठवलं, तसा तोही गेला, आणि परत आला तेव्हा हत्ती उरला नव्हता. माणसांनीच मारला होता. नोबिता आणि डोरेमॉन संतापतात आणि टाइम मशीनमधून थेट त्या दिवसात जाऊन पोहोचतात. तिथे हत्तीला विष घातलेले बटाटे देऊन मारायचा हुकूम आलेला आहे. ज्याने त्याला वाढवलं, त्या रखवालदाराच्या हातून ते होत नाही. तेव्हा ही दोघं अगदी हसतमुखाने सांगतात की काळजी करू नका, युद्ध लवकरच संपणार आहे. आणि संपणार कसं? तर जपान हरणार आहे.

त्या चौकटीतले चेहरे मी कितीतरी वेळा पाहिलेत. कसलाही आवेश नाही. पोरं आपली परीक्षेचा निकाल सांगावा तशी सांगतायत. ऐकणाऱ्या फौजी अधिकाऱ्याच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते. शेवटी हत्तीला लहान करून रॉकेटमध्ये घालतात आणि भारतात पाठवून देतात. मग काका पुढचं सांगतो: भारतात डोंगरात तो वाट चुकला, मरायला टेकला, आणि एका हत्तीने त्याला उचलून सुखरूप पोहोचवलं. हानाओच होता असं त्याला वाटत राहिलं, पण तो भास असेल म्हणून त्याने सोडून दिलं. पोरांना मात्र ठाऊक असतं.

यात राजकारण आहे की नाही? माझ्या मते आहे. आपल्याच देशाचं सरकार आणि लष्कर चुकलं होतं असं एक जपानी लेखक जपानी मुलांना सांगतोय.

आणि हे त्याने हवेतून काढलेलं नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात खरोखर हा हुकूम आला. बॉम्ब पडून पिंजरे तुटले तर जनावरं शहरात सुटतील, हे कारण दिलं गेलं. सिंह, वाघ, अस्वलं मारली. तीन हत्ती होते. त्यांनी विषारी बटाटे सोंडेने बाजूला टाकले. इंजेक्शनच्या सुया त्यांच्या कातडीत शिरेनात. मग त्यांना उपाशी ठेवलं. ४ सप्टेंबरला तिथे मेलेल्या प्राण्यांसाठी जाहीर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, त्या वेळी तिघांतले दोन हत्ती आत अजून जिवंत होते. ही गोष्ट लिहून थांबले की मला दरवेळी थोडं उठून फिरावं लागतं.

युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी पंडित नेहरूंना शेकडो पत्रं पाठवली: आमच्याकडे हत्ती नाही, एक द्या. नेहरूंनी १९४९ मध्ये हत्तीण पाठवली, नाव इंदिरा, म्हैसूरची. भारतातल्या मुलांकडून जपानच्या मुलांना ही भेट आहे, असं त्यांनी कळवलं होतं. आणि हे माझ्या धंद्यातल्या माणसाला फार भावतं: इंदिराला फक्त कन्नड कळायचं. सोबत गेलेल्या माहुतांकडून उएनोच्या जपानी रखवालदारांना कन्नड हुकूम शिकून घ्यावे लागले. फुजिमोतोने आपला कागदावरचा हत्ती भारतातच का पाठवला, याचं उत्तर मला इथे दिसतं. माझा अंदाज आहे, पण लांबचा नाही.

हे मत एखाद्या गोष्टीपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. ते वारंवार येतं. एका गोष्टीत नोबिताला हुकूमशहाचं बटन मिळतं. दाबलं की नावडता माणूस जगातून गायब, आणि तो होता याची कुणाला आठवणही राहत नाही. आधी त्याला छळणारा दांडगट जियान जातो. मग रागाच्या भरात सगळं जग जातं. रिकाम्या शहरात एकटा पडल्यावर नोबिता रडतो, तेव्हा डोरेमॉन सांगतो की हे यंत्र मुळात हुकूमशहांना अद्दल घडवण्यासाठीच बनवलंय. १९८५ च्या सिनेमात एका छोट्या ग्रहाचा लहान वयाचा राष्ट्राध्यक्ष सेनापतीच्या बंडातून पळून पृथ्वीवर लपतो. तो सिनेमा नव्याने काढला, कोविडमुळे लांबला, आणि जपानमध्ये लागला ४ मार्च २०२२ ला. रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरून आठ-नऊ दिवस झाले होते. चित्रपट आधीच तयार होता, त्यात कुणी मागाहून काही घातलं नव्हतं. पण थिएटरात बसलेल्या आईबापांना दुसरं काही दिसणं शक्यच नव्हतं. १९९२ च्या सिनेमात ढगांवर राहणारे लोक माणसांवर खटला चालवतात, कारण माणसांनी पृथ्वीची नासाडी केली. सगळं बुडवून टाकण्याचा बेत असतो. पर्यावरणावर इतकं थेट बोलणारा मुलांचा सिनेमा त्या काळात विरळा.

पण थांबा. तुमचे काका यावरून 'बघा, सांगत होतो ना' म्हणायच्या आधी दुसरी बाजू. समतेचा बॉम्ब नावाचं एक यंत्र आहे. सगळ्यांना सारखं करतं. नोबिता ते वापरून सगळ्यांना आपल्यासारखं करतो, आणि होतं काय, तर गुरुजी उशिरा उठतात, कामं ठप्प पडतात, सगळं गाव ढ होऊन बसतं. डाव्या माणसाला ही गोष्ट बोचेल. हुकूमशहाचं बटन उजव्या माणसाला बोचेल. ज्याला जे शोधायचं ते सापडेल. माझं वाचन असं आहे की लेखक कुठल्याच झेंड्याखाली उभा नाही. त्याचा अविश्वास एकाच गोष्टीवर आहे: सगळं एका झटक्यात ठीक करणारी ताकद. मग ती बटनाची असो, फौजेची असो, नाहीतर डोरेमॉनच्या स्वतःच्या खिशातली. म्हणून तर जवळपास प्रत्येक भागात यंत्र हाताबाहेर जातं.

इथपर्यंत झालं ते लेखकाचं. फुजिमोतो १९९६ मध्ये गेले. त्यांनी मत मांडलं आणि नाव लावून मांडलं. मला त्याची भीती वाटत नाही, तुम्हीही बाळगू नका.

सावध राहायचं ते बाहेरच्यांबाबत. पात्र लोकप्रिय झालं की त्याच्या खांद्यावर हात टाकायला सरकारं येतात. मार्च २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी माणसाएवढ्या डोरेमॉनला रीतसर नेमणूकपत्र दिलं: देशाचा ॲनिमे राजदूत. सोबत ताटभर डोरायाकी, म्हणजे डोरेमॉनचा आवडता गोड केक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या सांगता समारंभात पडद्यावर डोरेमॉनने खिशातून एक पाइप काढून टोकियोच्या चौकात बसवला, आणि त्या पाइपच्या दुसऱ्या टोकातून मैदानात वर आले ते खुद्द पंतप्रधान शिंझो आबे, व्हिडिओ गेममधल्या मारिओच्या वेशात. जगभरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. हा राजकीय संदेश होता का? सरळ होता. पण तुमची मुलं संध्याकाळी जे पाहतात त्या मालिकेत तो नव्हता.

समोरच्यांनाही हे कळतं. २०१४ मध्ये चीनच्या चेंगदू शहरात डोरेमॉनचं मोठं प्रदर्शन लागलं, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं की या निळ्या मांजरावर भाळून डोळे मिटू नका, हा जपानचा प्रचार आहे. लहान मुलं रांगेत उभी राहून फोटो काढत होती आणि मोठे अग्रलेख लिहीत होते.

आपल्याकडेही याहून वेगळं नाही. जून २०२२ मध्ये पणजीत केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मुलांना कर समजावेत म्हणून खेळ आणि कॉमिक्स जाहीर केले, त्यात मोटू-पतलू कर समजावून सांगतात. मला त्यात गैर वाटत नाही, कर भरायलाच हवा. पण तिथे मोटू-पतलू कुणाच्या वतीने बोलतायत हे नऊ वर्षांच्या मुलीला सांगून ठेवावं. कार्टूनमधलं पात्र गोष्टीबाहेर आलं की ते कुणाच्यातरी कामावर असतं. एवढं एक वाक्य तिला कळलं तर पुढे बिस्किटाच्या पुड्यावरही कामी येईल.

आता माझ्या खोलीतलं.

डबिंगची खोली पाहिली नसेल तर सांगते. काचेपलीकडे आवाज देणारा कलाकार, अलीकडे रेकॉर्डिस्ट, दिग्दर्शक आणि मी. समोर चित्र, कानात मूळ आवाज. पात्राचं तोंड जितके वेळा उघडतं, तितक्यातच माझं वाक्य बसलं पाहिजे. ओठांवर येणारे प, ब, म जुळले तर सोन्याहून पिवळं. या घाईत विचार करायला वेळ नसतो, हात सवयीने लिहितो. आणि सवय कुणाची? आपल्या घरादाराची.

जपानी क्रियापदाला लिंग नसतं. 'डॉक्टर आले' की 'डॉक्टर आल्या' हे जपानीत वाक्यावरून कळत नाही. मराठीत, हिंदीत मला ठरवावंच लागतं. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत पडद्याबाहेरच्या डॉक्टरचा उल्लेख होता. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता उल्लेख. मी पुल्लिंगी लिहून मोकळी झाले. पुढच्या काही भागांनंतर डॉक्टर पडद्यावर आल्या. बाई होत्या. आधीचे भाग प्रसारित होऊन गेले होते. कुणी तक्रार केली नाही, कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या मात्र आलं. मला कुणी सांगितलं नव्हतं की डॉक्टर पुरुषच लिही. कुठल्या पक्षाचा, कुठल्या चॅनेलचा हुकूम नव्हता. तरी माझ्या हातून एक संदेश गेला, आणि तो लाखो घरांत गेला.

त्याहून रोजचं म्हणजे 'अहो' आणि 'अगं'. नवरा-बायको बोलतायत असं दृश्य आलं की मराठी लेखकाचा हात आपोआप चालतो: ती म्हणते 'अहो, ऐकता का', तो म्हणतो 'अगं, काय गं'. ती 'तुम्ही', तो 'तू'. हिंदीत ती 'आप', तो 'तुम'. मूळ जपानी संवादात ही पायरी दरवेळी नेमकी अशीच असते असं नाही. तिथे आदराच्या पायऱ्या आहेत, भरपूर आहेत, पण त्यांचं गणित वेगळं आहे. ते आपल्या भाषेत आणताना आम्ही आपल्या स्वयंपाकघरातली पायरी तिथे नेऊन बसवतो. मुलांच्या कानावर ते दिवसातून पन्नास वेळा पडतं. हत्तीचा भाग वर्षातून एकदा लागेल. 'अहो' रोज लागतं.

म्हणून सांगते, संदेश शोधायचा तर विशेष भागात शोधू नका, नोबिताच्या घरात शोधा. आई सदानकदा घरात, पदर खोचून असावी तशी, हातात झाडू किंवा भाजीची पिशवी, आणि तोंडात ओरडा. बाबा ऑफिसातून येऊन वर्तमानपत्र उघडणार. नोबिताची मैत्रीण शिझुका हुशार, नीटनेटकी, व्हायोलिन वाजवणारी, आणि शेवटी ती नोबिताला 'मिळणार' असं ठरलेलं. मुळात नोबिताचं लग्न जियानच्या बहिणीशी, जायकोशी व्हायचं असतं, आणि ते टळणं ही सुधारणा समजली जाते. का? तर जायको दिसायला जाड आहे. ती मुलगी पुढे मन लावून चित्रकथा काढते, तिच्यात कलावंताची जिद्द आहे, हे नंतरच्या गोष्टींत येतं, पण पहिला शिक्का बसला तो बसला. शिझुकाच्या न्हाणीघराची दृश्यं तर मला कधीच आवडली नाहीत. त्याला जपानमध्येही विरोध झालाय, आणि तो योग्य आहे. तुमच्या मुलीसमोर असा जुना भाग लागला तर हे चुकीचं आहे असं स्पष्ट म्हणा. विनोद म्हणून सोडू नका.

जियानचं वाक्य तुमच्या मुलालाही पाठ असेल: तुझं ते माझं, आणि माझं ते माझंच. मैदानात ज्याचा दंडा त्याचा कायदा. सुनियो बापाच्या पैशावर मिरवतो आणि जियानच्या बाजूला उभा राहतो, कारण ताकदीच्या बाजूला राहणं त्याला परवडतं. नोबिताला यंत्र मिळालं की तोही लगेच तेच करायला लागतो. मुलं हे सगळं हसत पाहतात आणि बरोबर ओळखतात, कारण मधल्या सुट्टीत हेच चालू असतं. सत्ता म्हणजे काय याचा इतका चांगला पहिला धडा मी दुसऱ्या कार्टूनमध्ये पाहिलेला नाही.

एक अमेरिकेचं सांगते, म्हणजे डब करणाऱ्यांच्या हातात किती असतं ते कळेल. २०१४ मध्ये तिथे डोरेमॉन दाखवलं, तेव्हा येनच्या नोटांचे डॉलर केले, जेवताना चॉपस्टिक्सच्या जागी काटे आले, नोबिताचा नोबी झाला, शिझुकाची सू झाली. गोष्ट जपानमध्ये घडतेय हेच पुसायचं होतं. आपल्याकडच्या हिंदी डबने हे केलं नाही. नावं तीच, तातामीची चटई तीच. आपल्या मुलांनी परकं घर जसंच्या तसं पाहिलं आणि त्यांना काही अडचण आली नाही. याचं श्रेय मी त्या वेळच्या हिंदी डबवाल्यांना मनापासून देते.

पण हिंदी. आलो त्या ओळीवर.

बांगलादेशात २०१३ मध्ये सरकारने हिंदी डोरेमॉन बंद केलं. कारण गोष्टीतलं काही नव्हतं. कारण होतं आवाज: घराघरांत मुलं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली होती. पुढे तिथे बंगालीत डब झालेलं डोरेमॉन आलं. २०१६ मध्ये पाकिस्तानात, पंजाबच्या विधानसभेत, इम्रान खान यांच्या पक्षाच्या एका आमदाराने हिंदी डोरेमॉनवर बंदी मागणारा ठराव दिला. तिथेही बोलण्यातली हिंदी हा मुद्दा होताच. म्हणजे एका जपानी मांजरावर दोन देशांत राजकारण झालं ते त्याच्या कथेवरून कमी आणि मुंबईतल्या स्टुडिओत दिलेल्या आवाजांवरून जास्त. कुणी ठरवून भाषा पसरवायला हे केलं नव्हतं. बाजार मोठा ती भाषा, एवढाच हिशोब होता. परिणाम मात्र झाला.

आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, महाराष्ट्रभर वाद पेटला, आणि २९ जूनला निर्णय मागे घेतला गेला. त्या दिवसांत माझ्या ओळखीतले कित्येक पालक तावातावाने बोलत होते, आणि आतल्या खोलीत त्यांची मुलं हिंदीत कार्टून पाहत होती. मी त्यांना दोष देत नाही. मराठीत पाहायला ठेवलंय काय, हा माझा प्रश्न आमच्याच क्षेत्राला आहे. मराठी डबिंगला पैसे कमी, वेळ कमी, आणि कित्येकदा हिंदी संवादावरूनच मराठी करा असं सांगतात. मूळ जपानी किंवा इंग्रजी संहिता हातात येतच नाही. मग मराठीत 'मी तुला मदत करतो' च्या जागी 'मी तुझी मदत करतो' आलं की लोक नाकं मुरडतात. बरोबरच आहे त्यांचं. पण पन्नास टक्के मानधनात आणि एका रात्रीत चांगली मराठी होत नाही, हेही कुणीतरी चॅनेलला लिहून कळवायला हवं. तुमच्यासारख्या पालकांनी लिहिलं तर त्याचं वजन माझ्या लिहिण्यापेक्षा जास्त पडेल. त्यांना प्रेक्षक हवेत, माझ्यासारख्या लेखिका दहा मिळतात.

तर ताई, बंद करू नका. बंदी घातली की मुलं शेजारच्या घरी जाऊन पाहतील, आणि तिथे तुम्ही नसाल. आठवड्यातून दोन भाग सोबत बसून बघा. भाषण नको, एखादा प्रश्न पुरे. "जियानने बॅट घेतली तेव्हा सुनियो काही का बोलला नाही?" "नोबिताची आई दिवसभर काय काय करते, मोज बरं." हत्तीची गोष्ट मिळाली तर मुलीला नक्की दाखवा. मुलगा अजून सहाचा आहे, विष आणि बॉम्ब त्याला झोपताना आठवतील, त्याला दोन वर्षं थांबवा.

आणि हिंदीचं म्हणाल तर एक खेळ सांगते, मी माझ्या भाचीबरोबर खेळते. ती आठ वर्षांची आहे. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा आणि संवाद आपण मराठीत म्हणायचे. पात्रं वाटून घ्यायची. पहिल्या दिवशी ती अडखळली, 'तू मेरेको' असं काहीतरी म्हणाली आणि ओशाळली. चौथ्या दिवशी ओठ जुळवायला लागली, मला सांगायला लागली की मावशी, तुझं वाक्य लांब झालं, त्याचं तोंड कधीच मिटलं. परवा नोबिताची आई तिच्या वाट्याला आली आणि बाबा माझ्या. बाबा दारात उभे, आई स्वयंपाकघरातून बाहेर येते. बावीस वर्षांची सवय, मी म्हटलं, "अगं, आलो." मी 'अहो' ची वाट पाहत होते. भाचीने पडद्याकडे बघत, ओठ अगदी बरोबर जुळवत म्हटलं, "आलास? दप्तर जागेवर ठेव."